बाबाला कांद्याचा वास येत नाही

अन्याय माझ्या बाबावर झाला. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, दुपारी साडेबारा वाजता, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अंगणात, सगळ्या वस्तीच्या देखत. मी सातवी पास होऊन आठवीत चालले होते, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. तो दारू पिऊन आलाय असं म्हटलं गेलं. तो प्यायलेला नव्हता. म्हणणारी माणसं परकी नव्हती. आमचीच होती, आणि थोड्याच वेळापूर्वी त्याच्याच शेजारी हात जोडून पंचशील म्हणत होती.

हे आधी लिहिलं, कारण त्यानेच तसं सांगितलंय. का, ते पुढे येईल.

आता माझा वाटा सांगते. या अन्यायात माझा हात आहे, आणि त्या सकाळी माझ्या त्याच हातात खिरीची पळी होती.

निकालाच्या दिवशी शाळेने गुणपत्रिकेबरोबर एक झेरॉक्स दिली होती. वर लिहिलेलं, ‘सुट्टीत आईबाबांसाठी करूया!’ खाली मुलांना जमतील असे सोपे पदार्थ: लिंबू सरबत, शिकरण, काकडीची कोशिंबीर, भेळ, दडपे पोहे. सुरी जपून वापरा. गॅसजवळ मोठं माणूस असू द्या. सगळ्यात खाली एक चौकट होती. ‘आईबाबांना पदार्थ कसा वाटला?’ छान, खूप छान, अप्रतिम. यातल्या एकावर खूण करून कागद शाळा उघडल्यावर परत द्यायचा. चौथा पर्याय नव्हता. शाळेला कधी वाटलंच नाही की एखाद्या बापाला तो पदार्थ कसाच वाटणार नाही.

आमच्या घरी सगळ्यांची सुट्टी एकदम कधी आलीच नाही. आई खोपोलीत एका दवाखान्यात आया होती. आमच्या सणाला तिला हमखास कामाची पाळी लागायची, कारण दवाखान्यातल्या बाकीच्यांना तो सण वाटायचाच नाही. बाबा रसायनीकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर, ड्रम भरायच्या शेडमध्ये. त्याला बुद्धपौर्णिमेची सुट्टी कारखान्याने दिली नव्हती. त्या वर्षी पौर्णिमा त्याच्या साप्ताहिक सुट्टीवर पडली, एवढंच. आम्ही बहिणी खूश. मी तेरा वर्षांची, धाकटी नऊची.

खरं तर आम्हाला घरातलं भांडण मिटवायचं होतं. होळीपासून बाबा जेवायला बसला की कुरकुर सुरू व्हायची. आमटीत मीठ वरून घ्यायचा. भाताबरोबर हिरव्या मिरच्या काकडीसारख्या कचाकचा खायचा.

“तुझ्या हाताला हल्ली चवच नाय राह्यली,” आईला म्हणायचा.

“दिवसभर फिनेलात असतात माझे हात,” आई म्हणायची. “तिथंच गेली असंल वाहून. जा, बादलीत शोध.”

आधी हसण्यावारी चाललं होतं. मग आईने बोलणंच टाकलं. ताट वाढायची आणि पाठ करून भांडी घासायला बसायची. धाकटीने ठरवलं की सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक आपण करायचा. आईचा हातच लागला नाही तर बाबा भांडेल कुणाशी?

त्याआधीचा बाबा तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. हा माणूस कामावरून आला की दारात चपला काढता काढता सांगायचा, “पलीकडं सुकट भाजलीय. जरा जास्तच भाजलीय.” शेजारच्या आत्याकडे नवा तांदूळ शिजला की त्याला इकडे कळायचं. आमचं दूध उतू जायच्या आधी तो अंगणातून ओरडायचा. आई म्हणायची, याला कुत्र्याच्या जन्मातून थेट इकडं पाठवलाय.

आणि वस्तीला त्या नाकाची गरज होती. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अंगणात मोठ्या टोपात खीर होते. आमच्याकडे एक रीत आहे. वंदना होईपर्यंत ती कुणी चाखायची नाही. करणाऱ्यानेही नाही. यात सोवळंओवळं काही नाही, उलटंच आहे. आपल्या जुन्या लोकांना आयुष्यभर दुसऱ्यांचं झाल्यावर उरलेलं मिळालं, म्हणून या एका दिवशी पहिला घास सगळ्यांनी बरोबर घ्यायचा. एकानेही आधी नाही. त्यामुळे खीर करणाऱ्याला जीभ नसते, फक्त नाक असतं. दूध आटलं का, तांदूळ फुलला का, खाली धरतंय का, सगळं वासावरून सांगायचं. टोपापाशी एकच माणूस बोलतो आणि बाकीचे त्याचं ऐकतात. मला आठवतंय तेव्हापासून तो माणूस म्हणजे माझा बाबा.

तर ती सकाळ. आई पहिल्या पाळीला गेली होती. बाबा उठून बसला तर धाकटी त्याच्या अंगावर गोधडी टाकायला लागली.

“तू उठायचं नाय. झोपून राह्यचं.”

“का गं? मेलोय काय मी?”

“सुट्टी हाय तुझी.”

“मग सुट्टीत मेलेलं चालतं वाटतं.”

आम्ही दडपे पोहे केले. पातळ पोहे, ओलं खोबरं, दोन कांदे अगदी बारीक, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. सगळं कालवून वर ताटली, आणि दडपण हवं म्हणून धाकटीने ताटलीवर चक्क वरवंटा ठेवला. फोडणीपुरता बाबाला गॅसपाशी उभा केला, कागदावर तसं लिहिलं होतं म्हणून. तो हाताची घडी घालून इन्स्पेक्टरसारखा उभा राहिला.

पहिला घास घेतला आणि म्हणाला, “कांदा संपलाय काय घरातला?”

“दोन घातलेत!” धाकटी किंचाळली. “बघ माझे डोळे!” तिचे डोळे खरंच लाल झाले होते. नाक गळत होतं.

बाबाने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग ताटलीत पाहिलं. कांदा दिसत होता. “अगं हाय की,” तो म्हणाला. “मस्करी केली.” आणि भराभर खायला लागला. मी हसले. मला खरंच मस्करी वाटली.

खीर त्या कागदावर नव्हती. तो हट्ट धाकटीचा. ती म्हणाली, “बाबा सगळ्या वस्तीला खीर घालतो. त्याला कोण घालतं?” म्हणून अर्धा लिटर दूध, दोन मुठी तांदूळ, साखर, चार वेलच्या. आणि आम्ही रीत पाळायची ठरवली, तोंडाला लावायची नाही. बाबाने वास घेऊन ‘झाली’ म्हणायचं आणि मग तिघांनी पहिला घास बरोबर घ्यायचा. आमचंच छोटं विहार.

ढवळायचं काम माझं होतं. मध्येच मला तो कागद आठवला. मी पळी टोपात सोडून आत गेले, पेन शोधलं आणि चौकटीतल्या ‘अप्रतिम’वर खूण केली. खीर व्हायच्या आधीच. तेवढ्या वेळात दूध खाली लागलं.

“दीदी, वास येतोय,” धाकटी म्हणाली.

मलाही येत होता. जळका, कडवट. मी बाबाला हाक मारली. तो आंघोळ करून आला होता, केस ओले. नेहमीसारखा टोपावर वाकला, डोळे मिटले, छाती भरून वास घेतला. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

“झाली,” तो म्हणाला. “उतर.”

“बाबा, करपल्याचा...” धाकटी बोलायला लागली.

“गप गं,” मी म्हणाले. “त्याला कळतं का तुला?” नाकाच्या बाबतीत आमच्या घरात बाबाच्या वर अपील नव्हतं. मी माझ्या नाकावर विश्वास ठेवला नाही.

तिघांनी बरोबर घास घेतला. जळका कागद चावल्यासारखी लागली. धाकटीने तोंड वाकडं केलं. मी तिला खालून चिमटा काढला. बाबाने एक वाटी संपवली आणि दुसरी मागितली. त्याच्या वाटीत तळाचे काळे तुकडे गेले होते, तेही त्याने खाल्ले. आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होता, वाटीकडे नाही. “एक नंबर,” म्हणाला. “आजवर अशी खाल्ली नव्हती.”

मला वाटलं, ही माया. पोरींनी केलंय म्हणून बाप करपलेलं गोड मानून घेतोय. अशा गोष्टी शाळेच्या पुस्तकात असतात, त्यामुळे मला लगेच ओळखू आली. इतकं भरून आलं की मी न्हाणीत जाऊन रडले.

नंतर मोरीपाशी धाकटी म्हणाली, “दीदी, त्याला सांगूया ना, लागली होती म्हणून.”

“नको. सुट्टी हाय त्याची. कशाला मूड घालवायचा?”

हे वाक्य माझं आहे. सकाळी नऊ वाजता मी ते बोलले. साडेदहाला बाबा विहारात टोपासमोर उभा राहिला. मध्ये दीड तास होता, आणि त्या दीड तासात मी केसांना क्लिपा लावत होते.

विहारात नेहमीसारखंच चाललं होतं. निळे झेंडे, पांढरी लुगडी, स्पीकरचा खरखराट. दोन जण जाळ सारत होते, दोघे लांब दांड्याने ढवळत होते, बाबा टोपाच्या काठाशी उभा. मी त्याला बघत होते आणि काहीतरी वेगळं आहे हे मला दिसलं, पण कळलं नाही. दरवर्षी तो डोळे मिटून उभा राहायचा. त्या दिवशी डोळे फाडून टोपात बघत होता. बुडबुडे बघत होता. दोनदा मनगटावरच्या घड्याळात पाहिलं त्याने. खीर करताना घड्याळ बघणारा बाबा मी कधी पाहिला नव्हता.

आत्या पत्रावळी घेऊन आली आणि थबकली. “अरं, लागतीय रं! जाळ काढ!”

जाळ सारणारे दोघे बाबाकडे बघायला लागले. टोपापाशी एकच माणूस बोलतो.

“लाकूड ओलं हाय,” बाबा म्हणाला. “त्याचा वास हाय तो.”

“माझं नाक काय आजचं हाय काय?”

“आत्या, तू पत्रावळी मांड. इथलं मी बघतो.”

त्याने जाळ काढायला सांगितलं नाही. का नाही, ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. आत्याचं ऐकलं असतं तर सगळ्यांसमोर कबूल झालं असतं की आत्याला कळलं आणि त्याला नाही. म्हणून तो जुगार खेळला. लाकूड खरंच ओलं असेल, ही त्याची आशा.

वंदना झाली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. द्रोण भरले. सगळ्यांनी हात वर केले आणि एकदम पहिला घास घेतला. दरवर्षी त्यानंतर अंगणात गलका उठतो. त्या वर्षी काहीच आवाज आला नाही. मग कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, आणि एका म्हाताऱ्याने शांतपणे द्रोण खाली ठेवला.

वस्तीतला एक माणूस उभा राहिला. बाबाच्याच कारखान्यात, त्याच ठेकेदाराकडे होता. “काय रं,” तो म्हणाला, “आज सुट्टीची सकाळपासनंच घेतलीस काय?”

कुणीतरी हसलं. मागून दुसरा म्हणाला, “अरे, आत्ता म्हटलं ना रं, मद्यपानापासून दूर राहीन? निदान आजचा दिस तरी.” एक बाई म्हणाली, “त्याची बायको उगाच नाय गप गप असत.” एक म्हणाला, एवढं दूध, एवढं तांदूळ, माती केली. आत्याने फक्त बाबाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मी वाट बघत होते की आता बाबा बोलेल. तो बोलायला तरबेज माणूस आहे. ठेकेदाराच्या तोंडावर बोलतो. तो त्या माणसाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पायातली चप्पल शोधायला लागला. चप्पल त्याच्या पायातच होती.

घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. धाकटी रडत होती. मी मात्र रडले नाही, कारण माझ्या डोक्यात आता पोहे, कांदा, काळे तुकडे, घड्याळ सगळं एकत्र येत होतं. मी उठले. एक कांदा घेतला, मुठीने फोडला, आणि बाबाच्या नाकाशी धरला.

“डोळे मिट,” म्हणाले. “सांग काय हाय.”

“गप बस.”

“सांग.”

त्याने डोळे मिटले. वास घेतला. माझ्याच डोळ्यांतून त्या कांद्याने पाणी यायला लागलं, इतका तो जवळ होता.

“लिंबू,” तो म्हणाला.

मी लसूण ठेचून धरला. तो गप्प. हिंगाची डबी उघडून धरली. तो गप्प. धाकटी कुठूनतरी आईची रॉकेलची बाटली घेऊन आली, आणि मग त्याने डोळे उघडून बाटली बघितली आणि हात जोडले. आम्हाला. नऊ वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या पोरींना माझ्या बाबाने हात जोडले.

“होळीच्या दुसऱ्या दिवशी गेला,” म्हणाला. “ड्रमचं झाकण उडालं, वाफ तोंडावर आली. चार दिस नाक पेटलेलं. मग आग थांबली, तवा वाटलं बरं झालं. वास काय परत आलाच नाय.”

“मग खीर कशाला करायला गेलास?”

“इतकी वर्षं मीच करतो. नाय म्हणालो असतो तर का म्हणून इचारलं असतं. वाटलं, डोळ्यांनी जमंल.”

“मग सांगायचं ना त्यांना! दारू प्यायलो नाय, नाक गेलंय, असं सांगायचं!”

तेव्हा त्याने सांगितलं ते तुम्ही नीट वाचा. त्या शेडच्या दारावर एक पाटी आहे. वास आल्यास ताबडतोब बाहेर पडा. भोंगा नाही, मोजायचं यंत्र नाही. मास्क एक, तो ज्याची पाळी त्याच्या तोंडाला. गळती झाली हे कळायला त्या माणसांकडे कारखान्याने ठेवलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे त्यांचं स्वतःचं नाक. ज्याचं नाक गेलं तो तिथे कामाचा नाही. त्याला दवाखान्यात कुणी नेत नाही, गेटवर पास काढून घेतात. आणि अंगणात उभा राहून पहिला बोलणारा माणूस त्याच ठेकेदाराचा होता.

“दारुड्याला ठेवतात,” बाबा म्हणाला. “दारुडे लय हायत तिकडं. नाक नसलेला नाय ठेवत.”

म्हणजे अंगणात चप्पल शोधत असताना त्याने हिशेब केला होता, आणि दारुडा होणं पत्करलं होतं.

“आईला सांगू नका,” म्हणाला. आम्ही सांगितलं नाही. हा आमचा दुसरा गुन्हा.

त्यानंतरच्या सगळ्या सुट्ट्या आम्ही बापाच्या नाकामागे लागलो. तो घरी असला की आम्ही शिजवायचो. सुके बोंबील निखाऱ्यावर त्याच्या तोंडासमोर भाजले. तुपात लसूण करपवला. मेथी, सुकट, उकळता पुदिना. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला लावली. धाकटी झोपलेल्या बाबाच्या नाकाशी मोगरा धरून बसायची, झोपेत फसवून नाक उघडेल म्हणून.

“बास करा गं,” तो एकदा ओरडला. “नाक हाय का टपालपेटी? काय काय कोंबताय!”

काहीच झालं नाही. एकदा दहावीत असताना मी भावकीतल्या लग्नाच्या निमित्ताने त्याला कर्जतला एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने टॉर्च लावून पाहिलं आणि विचारलं, लगेच का नाही आलात? बाबा म्हणाला, पाळी होती.

मग आम्ही शिजवायची पद्धतच बदलली. त्याला खारट, गोड, आंबट, तिखट कळतं. कुरकुरीत कळतं. गार आणि गरम कळतं. एवढ्यावर त्याचं ताट भरायचं. पोह्यांत कांदा कमी, भाजके शेंगदाणे जास्त. वर चुरलेला पापड. ताकात बर्फ. कैरी सालीसकट. शिकरण त्याला नकोच, गिळगिळीत लागतं म्हणतो. शाळेच्या त्या कागदावर हे सगळं नव्हतं. माणसाचा वास काढून घेतल्यावर उरतं त्यातून काय शिजवावं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. खीर आमच्या घरात परत झाली नाही. विहारात दुसरा माणूस करतो. बाबा तेव्हा मागे, चपलांपाशी उभा राहतो.

गेल्या पावसाळ्यात शेडमध्ये गळती झाली. दुपारची वेळ. सगळे बाहेर पळाले. बाबाची पाठ दाराकडे होती, यंत्रांच्या आवाजात हाका गेल्या नाहीत, आणि तो एकटा आत झाकणं आवळत राहिला. एकजण ओलं फडकं तोंडाला बांधून परत आत शिरला आणि त्याला कॉलरला धरून ओढत बाहेर आणला. तो परत शिरलेला माणूस कोण, तेही सांगते. अंगणात ‘सकाळपासनंच घेतलीस काय’ म्हणणारा तोच. बाहेर आल्यावर दोघे ओकत होते, आणि त्याने बाबाला शिव्या घातल्या. “बहिरा हायस का? वास येत नाय तुला?”

बाबा म्हणाला, “नाय येत.”

तो माणूस तिथेच चिखलात बसला. “कवापासनं?”

“त्या खिरीच्या आधीपासनं.”

तो ठेकेदाराकडे काही बोलला नाही. पण वस्तीतही काही बोलला नाही. मला त्याचं आत शिरणं मान्य आहे आणि त्याचं गप्प बसणंही दिसतंय, आणि मी एकामुळे दुसरं माफ करणार नाही.

बाबाला दाखल केलं तेव्हा आईला दवाखान्यात कळलं, तिच्याच दवाखान्यात, तिच्याच वॉर्डात. इतकी वर्षं ती समजत होती की तिच्या हाताची चव गेली. कॉटच्या कडेला बसून ती एवढंच म्हणाली, “मला तरी सांगायचं होतं रं. मी आमटीत काय काय घालून बघितलं.”

बाबा अजून त्याच शेडमध्ये जातो. सोड म्हटलं तर म्हणतो, या वयात दुसऱ्या गेटवर कोण उभं करतं? उद्या त्याची पहिली पाळी आहे. तो जाताना आम्ही दोघी जाग्या असतो. तो परत येऊन चपला काढेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. दारात आता तो काही सांगत नाही, पलीकडे काय भाजलंय ते. मीच विचारते, “काय रं बाबा, आत्याकडं काय शिजतंय?” तो म्हणतो, “तू सांग.”

मी आता कामगार संघटनेची पत्रकं वाटते, खालापूरपासून कर्जतपर्यंत, गेटवर, स्टँडवर. या विषयावर आजवर एक ओळ लिहिली नव्हती, कारण लिहिलं की त्याचा पास जाणार. गेल्या सुट्टीला मी दडपे पोहे केले आणि त्याला विचारलं, लिहू का? त्याने पापड चुरला. मग म्हणाला, “लिही. पण मी प्यायलो नव्हतो, ते आधी लिही. नाकाचं मागनं.”

तसं लिहिलंय.

आता तुमचं काम. तुमच्या घरातलं कुणी अशा शेडमध्ये जात असेल, तर येत्या सुट्टीला त्यांच्यासाठी काहीतरी करा. पोरांना करू द्या. पण ‘एक नंबर’ म्हटलं म्हणून खूश होऊन उठू नका, मी उठले होते. एक कांदा फोडा. त्यांना डोळे मिटायला सांगा. नाकाशी धरा आणि विचारा, काय आहे. ते चिडतील, मस्करी करतील, विषय बदलतील. खरं उत्तर येईपर्यंत हात मागे घेऊ नका. आणि उत्तर आलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यांना एकट्याला गेटवर पाठवू नका. त्यांच्याबरोबर चालत या. आम्ही गेटवर आहोत.

आणि त्या दुपारी विहाराच्या अंगणात तुम्हीही द्रोण हातात धरून उभे राहिला असाल, तर गेटवर यायच्या आधी आमच्या घरी या. बाबा सुट्टीला घरी असतो. त्याच्यासमोर उभे राहा आणि तोंडाने म्हणा, तू प्यायलेला नव्हतास.